नंबराच्या म्होरं दोन

गिऱ्हाइकं वाढली, जुने नंबर पुरेनात, म्हणून बारामतीच्या टेलिफोन एक्स्चेंजनं प्रत्येक नंबराच्या आधी एक ‘दोन’ लावला. जळोचीत थोरल्या चुलत्यांकडं फोन होता आणि त्याचीच दुसरी जोडणी अंगणापलीकडं आमच्या घरी. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. फोनसाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले होते. मिळालेला नंबर त्यांनी ट्रॉलीवर, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर, इतकंच काय, तांब्याच्या घागरीवरही घालून घेतला होता.

“आमी काय दोन-बिन लावणार न्हाय,” तात्यांनी जाहीर केलं. “आमचा हाय तो बरा हाय.”

एक्स्चेंजनं त्यांचं मत विचारलंच नव्हतं.

त्याच सुमाराला तात्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, इंदापूरची मंडळी बघून गेली. तात्यांनी त्यांना ऐटीत जुना नंबर दिला आणि फोनजवळ खुर्ची टाकून बसले. फोन काही येईना. पसंती नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. काकूंनी तात्यांच्या बडबडीला दोष दिला, तात्यांनी काकूंच्या पोह्यांना.

मी कॉलेजातून जुना नंबर फिरवून पाहिला. रेकॉर्ड केलेली एक बाई आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगत होती, हा नंबर बदलला आहे. घरी येऊन तात्यांना सांगितलं.

“आमच्या घरचा नंबर बदलायला ती कोण लागून गेली?” तात्या कडाडले.

दुसऱ्या दिवशी बहीण मला घेऊन स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेली आणि थेट इंदापूरला फोन लावला. मी कान लावून उभी. मुलाच्या वडलांनी उचलला.

“मी जळोचीची पोरगीच बोलतीय. तुमी फोन केला व्हता का?”

“कितीदा केला! तुमच्यात कोण बाई हाय, ‘नंबर बदललाय’ म्हणती आन् बोलूच देत न्हाय. वर इंग्लिश झाडती. आमी म्हटलं, यांचा नकारच दिसतोय.”

“नकार न्हाय,” बहीण म्हणाली आणि लाल झाली. “नंबराच्या म्होरं दोन लावा.”

संध्याकाळी फोन वाजला. तात्यांनी उचलला, पसंती ऐकली, रिसीव्हर ठेवला आणि आमच्याकडं वळले.

“बघा! आला का न्हाय जुन्याच नंबरावर?”

पत्रिका छापायच्या वेळी मात्र बहीण स्वतः छापखान्यात जाऊन नंबराच्या आधी दोन घालून आली.