तिथून निघून गेला

माझ्या बाबांच्या बसमध्ये पुढच्या काचेच्या वर रंगवलेलं होतं : ‘ते ओळखून येशू तिथून निघून गेला.’ शत्रू येशूला मारायचा कट करतात, तिथलं बायबलच्या शुभवर्तमानातलं एवढंच वचन. कंडक्टरकाका म्हणायचे, “अहो, लोक ‘देव पाठीशी आहे’ असं लिहितात. तुम्ही देव निघून गेला म्हणून पाटी लावलीय! माणसं बसणार कशी?” बाबा हसायचे आणि काच पुसायला लागायचे.

डोंगरातला त्यांचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून कोणी आलं की दोघांपैकी एकाला रुंद वळणापर्यंत मागे जावं लागे. चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, असा नियम. पण बाबा चढत असोत की उतरत, बहुतेक वेळा तेच मागे जायचे. एका अंगाला दरी, आणि हा माणूस आरशात बघत भरलेली बस अशी मागे न्यायचा की उभ्या म्हातारीचाही तोल जाऊ नये. एवढं करून डेपोत त्यांचं नाव काय, तर ‘माघारराव’! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नर्सिंगच्या मुलाखतीला मी त्यांच्याच बसने निघाले. वेळेत पोचले नाही तर वर्ष गेलं, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटच्या चढावर समोर मालाचा ट्रक आला. हक्क आमचा होता. अख्खी बस ओरडली, “हटू नका!” मीही म्हटलं, “बाबा, आज नको. आज तरी नको.”

बाबा उतरले, ट्रकपाशी जाऊन आले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि रिव्हर्स टाकला.

मी धापा टाकत पोचले तेव्हा दार बंद झालं होतं. शिपायाने नुसती मान हलवली.

घरी आईने भांडी आपटली. “परक्यासाठी पोरीचं वर्ष घालवलंत?”

बाबांनी ताट बाजूला सारलं. “अगं, स्टिअरिंगवर त्याचे हात थरथरत होते. नवखा होता. मागे घ्यायला गेला असता तर दरीतच. मला मागे जाता येतं, त्याला येत नव्हतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “येशू काय घाबरून निघून गेला होता?” आणि त्यांना रडू फुटलं.

त्या रिकाम्या वर्षात त्यांनी मला गाडी शिकवली. आधी रिव्हर्स! म्हणाले, “पुढे काय, कोणीही जातं.” पुढच्या वर्षी मुलाखत दिली, नर्स झाले. पण असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे काही मुलगी म्हणून सांगत नाही.

परवा त्यांना त्याच रस्त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. उशीर झाला होता. समोरून जीप आली. चढ माझा, हक्क माझा. हॉर्नवर हात गेला, पण आधी समोरच्या बाईंचे हात बघितले. स्टिअरिंग घट्ट आवळून धरलेलं, चेहरा रडवेला. मी रिव्हर्स टाकला.

बाबांना आता आरशातलं काही दिसत नाही. तरी मान वळवून मागे बघत म्हणाले, “डावीकडे अजून जागा आहे. येऊ दे, येऊ दे.”