मेमे हिलेनी ओरान्येमुंडला येतात

ताते एरास्तुस ओरान्येमुंड या खाणीच्या गावात माझे शेजारी; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही ताते म्हणतो, म्हणजे बाबा, आणि बाईला मेमे, म्हणजे आई. एकतीस वर्षं त्यांनी इथल्या हिऱ्यांच्या खाणीत खडक झाडला. यंत्रं वाळू उपसून जात, मग हे गुडघे टेकून फटींतली खडी ब्रशनं काढत. निवृत्त झाल्यावर उत्तरेला गावी गेले, पण बाजरीच्या शेतातही नजर जमिनीवरच. पहाटे उठून अंगण झाडायला घेत.

"अंगण झाडताय की जमिनीची सालं काढताय?" बायको, मेमे हिलेनी, विचारायच्या.

तीन महिन्यांत एकटेच इथं माघारी आले. "तिथं वाराच नाही, पोरी," मला म्हणाले. "कान रिकामे वाटतात."

मग मेमे हिलेनी स्वतःच आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. पूर्वी परवान्याशिवाय या गावात पाऊल टाकता येत नसे, आणि मजुरांच्या बायकांना तो मिळत नसे. दोन दिवसांचा प्रवास करून त्या दारात पोचल्या, तर लांब शिंगांचं गेम्सबॉक हरीण हिरवळीवर निवांत चरत होतं.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. रोज येतं."

"याला बरा परवाना मिळाला!"

दुसऱ्या दिवशी मी दोघांना गाडीतून खाणीच्या कुंपणापर्यंत नेलं. आत अजूनही बंदीच. तारेपलीकडे धुक्यात गंजके ट्रक उभे होते. तातेंनी आपली कामाची जागा दाखवायला एकीकडे बोट केलं, मग दुसरीकडे, मग हात खिशात घातला.

"दोन्ही वेळी बाळंत झाले तेव्हा पत्र धाडलं होतं," मेमे म्हणाल्या. "तुम्ही आलात तेव्हा पोरं चालत होती."

"करारच तसा होता. मुदत सरेपर्यंत सुट्टी नाही."

"करार ठाऊक आहे मला. तुम्ही इथं कसे होतात, ते विचारतेय."

त्यांनी तार धरली. "झोप लागायची नाही," म्हणाले. "अजून लागत नाही."

मेमेंनी त्यांच्या कॉलरवरची वाळू झटकली.

बाराव्या दिवशी त्या निघाल्या. बाजरी कापणीला आली होती. तातेंनी त्यांची पिशवी बसमध्ये ठेवली, उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले.

"ताते, आत की बाहेर? एकदाचं ठरवा!" ड्रायव्हर ओरडला.

ते अंगावरच्या कपड्यांनिशी चढले.

संध्याकाळी वाटेतल्या कीटमान्सहूपहून तातेंचा फोन आला. "पोरी, गॅस चालू राहिलाय का, बघ जरा."

गॅस बंद होता. घराचं दार मात्र सताड उघडं होतं.