मागून हाक मारायची नाही

मला विमानतळावर नेणारी गाडी सुरू झाली तेव्हा आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. शेजारची काकू रडली, वहिनी रडली. आईने पदराला हात पुसले, एकदा बघितलं आणि पुन्हा दोरीकडे वळली. बोईसर मागे पडेपर्यंत मी वाट बघितली, पण तिचा फोन काही आला नाही.

मेलबर्नला आले. रोस्टर, शिफ्ट, भाड्याचं छोटं घर, सगळं अंगवळणी पडलं. फोन नेहमी मीच करायची. केला की आई भरभरून बोलायची: पापलेट कसं मिळत नाही, दादाला तारापूरच्या कंपनीत कुठली पाळी लागली. पण आपणहून तिने एकदाही केला नाही. माझा स्वभाव आधीच तिखट. म्हटलं, गेली तर गेली, असंच ना? फार लागायचं ते मनाला.

मागच्या वर्षी इथल्या लायब्ररीत मोबाईलवर डॉक्युमेंटरी करायला शिकवत होते. विषय दिला, फोनने माणसं जवळ येतात का? मी वहिनीला सांगितलं, आईलाच विचार की, लेकीला फोन का करत नाहीस, आणि शूट करून पाठव.

व्हिडिओत आई वाळलेले बोंबील काढत होती. कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाली, "होडीवर निघालेल्याला आमी मागून हाक मारतो काय? अपशकुन हाय तो. ही दरवेळी बोलते, आई, अजून सेटल नाय झाले. मंजे वाटेवरच हाय ना अजून? पोचले बोलू दे, मग रोज करते."

अगं बाई! मी इकडे जीव जाळत बसले होते आणि ही तिकडे माझी वाट सांभाळत होती. हसू आलं, मग पोटभर रडले. सेटल म्हणजे नक्की काय, मला तरी कुठे ठाऊक होतं? व्हिसा झाला की घर, घर झालं की आणखी काहीतरी.

मी लगेच फोन लावला. "आई, मी पोचले गं."

ती मग म्हणाली, "बरं झालं. ठेव आता." आणि खरंच कट केला!

मी हातातल्या फोनकडे बघतच राहिले. तेवढ्यात तो वाजला. स्क्रीनवर 'आई'.

"आता मी केला हां," ती म्हणाली. "काय जेवलीस?"

माझ्यासारख्या गेलेल्यांनो, घरच्यांना एकदा सांगून टाका, पोचलो म्हणून. माझं घर आता दोन ठिकाणी आहे, आणि फोन दोन्हीकडून येतो.