सोनगीरच्या सभेत सासरे उभे राहिले

टीव्हीवर देव झालेला नट निवडणुकीला उभा राहिला आणि मतं मागायला सोनगीरला येणार म्हणून भोंगा फिरला, तेव्हापासून माझ्या सासऱ्यांना घास गोड लागेना. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेलेली. उठवून बसवायलाही दोन माणसं लागायची.

"माले सभाले ली चला," ते म्हणाले. "देवना हात लागना, तं मी चालसू."

देवाचा हात लागला की आपण चालणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं. समजवायचं कोणी? रविवारी सकाळी ती मालिका लागली की आमच्याच घरात चपला बाहेर निघायच्या, टीव्हीच्या काचेला कुंकू लागायचं, नारळ फुटायचा. सासूबाई म्हणाल्या, नेऊन तर बघू, आपलं काय जातं? मग चौघांनी खाट उचलून थेट मंचासमोर ठेवली.

देव उन्हं कलल्यावर उगवला. काळा चष्मा, सुटलेलं पोट, गालात पान. रस्ते देऊ, पाणी देऊ, सगळं त्याच टीव्हीतल्या आवाजात. बाया पदर पसरून बसलेल्या. मेल्याला खाट दिसली आणि त्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. फोटोवाल्याला खूण करून तो खाली उतरला, सासऱ्यांचा डावा हात धरला आणि म्हणाला, "उठो, बाबा."

त्याने ओढलं. आणि सासरे उठले. खरंच उभे राहिले, मी डोळ्यांनी पाहिलं. गर्दीने जयजयकार केला. तो ऐकून त्याने हात सोडला, कारण लोकांना नमस्कार करायला त्याला दोन्ही हात लागत होते.

सासरे खुब्यावर आपटले. माइकवर पुढचं भाषण सुरू झालं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, खुबा मोडला, आता या वयात जुळायचा नाही. तेव्हापासून त्यांचं सगळं अंथरुणातच, आणि ते माझ्या हातून. मी घाण काढायला लागले की ते डाव्या हाताने तोंड झाकून घेत.

"देवनी उठाडं व्हतं. मनंच पाप आडवं उनं," ते म्हणत. आपल्याच पापाने आपण पडलो, असं त्यांना वाटे. "आनि भोगस तू, पोरी."

एकदा माझं डोकं फिरलं. हातातलं फडकं बादलीत आपटून मी म्हणाले, "कसला देव, नाना? सोंगाड्या होता तो मेला. पैसे घेऊन देव व्हायचा."

त्यांनी तोंडावरचा डावा हात बाजूला घेतला.

"मंग मी उभा कसा राह्यनू?" त्यांनी विचारलं.