नळीतलं तेल

माझी वहिनी ओरलिंडा तेवीस वर्षं लुहानच्या गॅरेजमध्ये गाड्या घासत होती. आमच्या एस्पान्योला गावात रविवारी मोठ्या रस्त्यावरून ज्या जुन्या गाड्या जमिनीला पोट टेकेल इतक्या खाली बसून मिरवत जातात, त्यांतल्या निम्म्यांच्या पत्र्यावरून तिचा हात फिरलेला आहे. जुना रंग खरवडायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचं, काचा झाकायच्या, शेवटी सगळा पत्रा पुसून तेलाचा अंश काढायचा आणि गाडी रंगाच्या खोलीत ढकलायची. मग दार बंद. आत नेस्तोर नावाचा रंगारी स्प्रे गन घेऊन उभा राहायचा आणि ओरलिंडा दाराच्या काचेतून बघायची.

तिने नेस्तोरला तीनदा सांगितलं होतं, मला शिकव. तिन्ही वेळा तो म्हणाला, बघू. तो निवृत्त झाला तेव्हा ती सरळ मालकाकडे, फेर्मिन लुहानकडे गेली. म्हणाली, आता गन मला द्या. फेर्मिन हसला आणि म्हणाला की गन हातात धरून दिवसभर उभं राहणं बाईमाणसाचं काम नाही. ही बाई गाडीचं दार एकटी उचलून नेत असे, हे तो रोज बघत होता. पुढच्या सोमवारी त्याचा पुतण्या दारिओ आला. तोपर्यंत तो आल्बुकर्कीत शीतपेयांची गाडी चालवत होता.

ओरलिंडाने ते गिळलं. का गिळलं हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण आमच्या खोऱ्यात दुसरी नोकरी मिळायची म्हणजे रोज दूर सांता फे शहरात जायचं, आणि तिची आई तेव्हा अंथरुणावर होती.

तिच्या वडिलांनी तिच्यासाठी एक गाडी ठेवली होती, अडुसष्ट सालची ब्यूक रिव्हिएरा. आई गेल्यावर तिने ती रंगवायचं मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन चार महिने तिने तो पत्रा घासला. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा वाटत होता, मी स्वतः फिरवून पाहिला आहे. रंग तिने पिकलेल्या जर्दाळूचा निवडला. दारिओने तो मारला.

लांबून गाडी बरी दिसत होती. जवळ गेलं की बॉनेटवर, दारांवर, टपावर बारीक बारीक खळगे, जणू रश्शावर तेलाचे थेंब पसरावेत तसे. वर्षभरात टपावरचा पारदर्शक थर उन्हाने सोलून निघालेल्या कातडीसारखा सुटायला लागला. ओरलिंडा गाडी घेऊन गॅरेजवर गेली आणि पुन्हा रंगवून द्या म्हणाली. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर फेर्मिन म्हणाला,

"पत्रा नीट पुसला नाही की असंच होतं. आणि ही गाडी पुसली कोणी होती, ओरलिंडा? तूच ना?"

तिने हातमोजे काढले, त्याच्या टेबलावर ठेवले आणि गाडी चालवत घरी आली. माझा भाऊ ओनेसिमो शाळेची बस चालवतो. तो म्हणतो, ती आत आली, बीन्सच्या भांड्याखालची आच बंद केली आणि म्हणाली, "गॅरेजमधलं तुझं सगळं सामान बाहेर काढ. मला जागा हवी आहे." त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. माझा भाऊ बोलायला कमी असला तरी कधी बोलू नये ते त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांता फेच्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता सगळं ओनेसिमोला समजावत होता. ओरलिंडा प्रश्न विचारायची, उत्तर ओनेसिमोला मिळायचं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "साहेब, हा बस चालवतो. गन मी चालवणार आहे. माझ्याकडे बघा." त्याने बघितलं खरं, पण विकायचं ते विकलंच. चकचकीत गन आणि चाकांवरचा छोटा कॉम्प्रेसर. घरच्या कामाला भरपूर होतो, असं तो म्हणाला.

जुन्या फ्रिजच्या दारावर तिने पहिला हात मारला. दहा सेकंद रंग झकास बसला, मग गनला धाप लागली. धुक्यासारखा उडायचा तो रंग थुंकल्यासारखा पडायला लागला. कॉम्प्रेसर घरघरत राहिला आणि हवेच्या दाबाचा काटा खाली खाली येत गेला. ओरलिंडाने खोक्यावरचा कागद नाकाशी धरून वाचला. गनला मिनिटाला बारा घनफूट हवा लागत होती आणि तो डबा पाच देत होता. तिने तो तसाच उचलून दुकानात नेला. विक्रेत्याशी काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण ओनेसिमो म्हणाला की आपण आता त्या दुकानात परत जाऊ शकत नाही.

मग ती नेस्तोरच्या दारात गेली. नाइलाज होता म्हणून गेली, आणि तसं तिने त्याला उंबऱ्यावरच सांगितलं. नेस्तोर सत्तरीचा झाला होता. जिना चढला तरी खोकायचा, कारण आयुष्यभर त्याने तोंडाला फक्त रुमाल बांधून रंग मारला होता. तो टोपी घालून तिच्याबरोबर निघाला. त्याचं पहिलं सांगणं हेच होतं की आधी मुखवटा घे, बाहेरची ताजी हवा नळीने आत आणणारा, गन नंतर. तिने तसंच केलं.

कॉम्प्रेसर त्यानेच शोधला. चामा गावाकडच्या एका बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीत माणसाएवढ्या उंचीची टाकी उभी होती. ती आणायला ओनेसिमोला दोन मित्र आणि अख्खा शनिवार लागला. जाड नळी आणली. गनला दोन तोंडं घेतली, प्रायमरसाठी मोठ्या भोकाचं आणि रंगासाठी बारीक. गॅरेजच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब होता. रंगाची वाफ आणि त्याची ज्योत एका खोलीत नको म्हणून ओनेसिमोने तो बंद केला, आणि तो बाहेर हलवेपर्यंत आमचं सगळं घर तीन आठवडे चुलीवर पाणी तापवून अंघोळ करत होतं. कोणी कुरकूर केली नाही. ओरलिंडासमोर तेव्हा कुरकूर करायची कोणाची छाती नव्हती.

नेस्तोर भिंतीवर कागद चिकटवायचा आणि सांगायचा: गन पत्र्यापासून एक वीत लांब धर. हवेचा दाब गनचा घोडा दाबलेला असताना बघ, सोडलेला असताना काटा खोटं सांगतो. कागदावरचा ठसा उभा लांबट आला पाहिजे, मध्ये दाट झाला तर हवा वाढव, दोन्ही टोकांना दाट झाला तर कमी कर. मनगट वळवू नको, सगळा हात न्यायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. ती ऐकायची, करायची, आणि मधूनच म्हणायची, "हे तू मला पंधरा वर्षांपूर्वी सांगू शकला असतास." तो मान हलवायचा.

आठ दिवसांनी तिने भंगारातून आणलेलं एक बॉनेट घासलं, पुसलं, पुन्हा पुसलं, आणि त्यावर जर्दाळू रंग मारला. मी तिथेच होते. ती मुखवटा काढून जवळ गेली आणि खाली वाकली. बॉनेटभर तेच बारीक खळगे होते.

मला वाटलं, ती आता रडेल. तिने नेस्तोरला हाक मारली आणि बोटाने दाखवलं.

"हा पत्रा मी दोनदा पुसला. माझ्या नणंदेने बघितलंय. मग हे काय आहे?"

नेस्तोर म्हणाला, "तेल आहे. जुन्या कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या की हवेबरोबर तेल येतं. नळीत फिल्टर लागतो."

"लुहानचा कॉम्प्रेसर किती जुना आहे?"

 नेस्तोर बाहेर जाऊन आपल्या गाडीतून एक पितळी फिल्टर घेऊन आला, मुठीएवढा, वापरून काळा झालेला. मग त्याने सांगितलं. लुहानच्या कॉम्प्रेसरमधून शेवटची सहा-सात वर्षं तेल येत होतं. त्याने स्वतःच्या पैशाने हा फिल्टर आणून आपल्या नळीला लावला होता. निवृत्त झाला तेव्हा स्वतःची वस्तू म्हणून काढून घेऊन आला. तो दाखवला तर हे सगळं सांगावं लागेल, म्हणून इतके दिवस गाडीतच ठेवला होता.

"आणि फेर्मिनला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. जाताना पण सांगितलं. तो म्हणाला, आजवर काही बिघडलं का?"

ओरलिंडा किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली. "म्हणजे तो सगळं माहीत असून लोकांसमोर माझ्या हाताला नावं ठेवत होता. आणि तू तुझ्या घरात बसून होतास."

नेस्तोर म्हणाला, "हो."

तिने त्याला माफ केलं नाही. पण फिल्टर घेतला, नळीला लावला आणि त्याच बॉनेटचा अर्धा भाग पुन्हा घासून रंगवला. एकच पत्रा, एकच हात, एकच फडकं. फिल्टरच्या बाजूला एकही खळगा नव्हता.

सोमवारी सकाळी ती खिडकीची एक कोरी काच घेऊन लुहानच्या गॅरेजमध्ये गेली. मी बरोबर गेले, कारण ओनेसिमोची बस होती आणि तिला एकटीला पाठवायची मला भीती वाटत होती. भीती फेर्मिनची नव्हती. तिने कोणाला विचारलं नाही. रंगाच्या खोलीतली नळी उचलली, काच समोर धरली आणि हवा सोडली. मग ती काच फेर्मिनच्या टेबलावर ठेवली. काचेवर पिवळट बारीक ठिपके उठले होते. ऑफिसात चार माणसं होती, दारात दारिओ.

"बोट लाव," ती म्हणाली.

फेर्मिनने लावलं नाही. तो म्हणाला, मला कामं आहेत.

"मलाही होती. तेवीस वर्षं होती. मी कसं पुसते ते तुला माहीत होतं आणि हे कुठून येतं तेही तुला माहीत होतं. आता ह्या लोकांना सांग, माझी गाडी कोणी बिघडवली."

तो म्हणाला, बाहेर जा, नाहीतर पोलिसांना बोलावतो. ओरलिंडा हलली नाही. शेवटी दारिओ पुढे आला, काचेवर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि काकाला म्हणाला, "दीड वर्ष मला वाटत होतं, मलाच जमत नाही." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. मग आम्हीही निघालो. माफीचा शब्द फेर्मिनच्या तोंडून तेव्हा आला नाही, नंतरही नाही. महिन्याभरात नवा कॉम्प्रेसर आला, आणि तो लोकांना सांगत सुटला की जुन्याचं आयुष्यच संपलं होतं.

रिव्हिएरा तिने पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडली. सगळा हिवाळा त्यात गेला. मार्चमध्ये एका बिनवाऱ्याच्या सकाळी, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवून, तिने तीन हात रंग आणि दोन हात पारदर्शक थर मारला. उजव्या दाराखाली एक ओघळ आला. कोणाला दिसत नाही, पण ती प्रत्येकाला दाखवते, दुसऱ्या कोणी शोधून काढायच्या आत. ईस्टरच्या रविवारी ती गाडी घेऊन रस्त्यावर निघाली आणि लुहानच्या दारावरून सहा वेळा गेली, इतक्या हळू की मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले.

लोकांना वाटतं, आता तिचा राग गेला असेल. गेलेला नाही. नेस्तोर अजून येतो, ती त्याला कॉफी देते आणि त्याच्याशी फक्त रंगाबद्दल बोलते. आता तिच्या दारात इतरांच्या गाड्या उभ्या असतात, त्यात माझी जुनी पिकअपही आहे. मी म्हणाले, तूच घासून रंगव ना सगळी. ती म्हणाली, घासायला तुला काय झालं. काल दुपारी मी डावीकडचा पत्रा घासून तिला दाखवला. तिने डोळे मिटून त्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "हे घासलंय की कुरवाळलंय? परत कर."