आई डावीकडे बसायची

ठाण्यात खोपटच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आईने बावीस वर्षं गाडी शिकवली. शिकायला बहुतेक बायकाच यायच्या, कारण शिकवणारीही बाई आहे म्हटल्यावर घरचे निर्धास्त असायचे. पण स्कूलच्या त्या गाडीसोबत आईचा एकही फोटो नाही. पुढे स्कूल बंद झालं, गाडी भंगारात गेली.

गेल्या वर्षी ठाण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलेलं. तिथे मला अगदी तशीच गाडी दिसली, गोल दिव्यांची, फिकट निळी. मोबाइलवर फोटो काढला आणि ठाकुर्लीला घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. आईच्या सत्तरीला भेट द्यायची होती. मागची माणसं आणि फलक पुसले, रंग काढले, तपकिरी छटा दिली. थोडे ओरखडे, कोपऱ्यात ओल लागल्यासारखा डाग. मग आईच्या जुन्या ओळखपत्रावरचा चेहरा स्टिअरिंगमागे बसवला. मलाच तो फोटो खरा वाटायला लागला.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"छान केलायस," ती म्हणाली. "पण ही मी नाही."

"चेहरा तुझाच आहे की."

"चेहरा माझाय रे. पण मी तिथे कधी बसले? शिकवणारी डावीकडे बसते. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो."

मी ओशाळलो. आईच्या कामाबद्दल मी मित्रांना कौतुकाने सांगत आलेलो, आणि ती कुठल्या सीटवर बसायची याचा कधी विचारच केला नव्हता.

"मग उजवीकडे कोणाला बसवू?"

"घाबरलेली कोणीतरी बसव," असं म्हणत आईने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने दोन वर्षांपूर्वी गाडी शिकायला सुरुवात केलेली. शिकवणारा सारखा ओरडायचा, म्हणून चौथ्या दिवशी सोडून दिलं.

हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. बायकोच्या हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलचं ताट दिलं. मी फोटो काढायला लागलो.

"अगं, इतकं आवळू नकोस ते," आई तिला म्हणाली. "खांदे सैल सोड. आणि बोनेटकडे नको बघू, लांब बघ."

फोटो काढून झाले तरी दोघी उठल्या नाहीत. क्लच, गिअर, वळण असं अर्धा तास चाललेलं. बायको मध्येच हसत होती.

दोघींना मी फोटोतल्या गाडीत बसवलं. आईने ओरखडे मात्र काढायला लावले. "मी रोज पुसायचे ती गाडी." फ्रेमच्या मागे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: हा फोटो नवा आहे. नातवंडं उगाच फसायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं.

पुढच्याच महिन्यात बायकोने लर्निंग लायसन्स काढलं. रविवारी सकाळी आमच्या छोट्या गाडीत दोघी पुढे, मी मागे. मला बोलायची परवानगी नव्हती. इथे वेगळा ब्रेक नव्हता, त्यामुळे आई हँडब्रेकवर हात ठेवून बसायची. पाचव्या रविवारी बायकोने चढावर गाडी बंद न पाडता उचलली. आईने हँडब्रेकवरचा हात काढला आणि खिडकीची काच खाली केली.

बायको पहिल्याच टेस्टला पास झाली. हे कळल्यावर खालच्या मजल्यावरच्या दोघी आईकडे आल्या, आम्हालाही शिकवाल का विचारायला.

आईने त्यांना रविवारी सातला बोलावलंय.