स्मरणिकेतले एक वाक्य

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? कदाचित तुम्ही मला मध्येच सावरून घेणार नाही, म्हणून.

आमच्या गावची इंग्रजी शाळा फार जुनी. काळ्या दगडाची इमारत, जाड भिंती, आणि पहिल्या इंग्रज हेडमास्तरांनी घालून दिलेला एक रिवाज — परीक्षेत वर्गावर शिक्षक थांबत नसत. प्रश्नपत्रिका वाटून ते निघून जात. शेवटी प्रत्येकाने उत्तरांखाली 'मी कोणाचे पाहिले नाही' असे लिहून सही करायची. इंग्रज गेले, रिवाज राहिला. शाळेचा सारा स्वभाव त्या विश्वासात होता. मी त्या शाळेवर प्रेम केले — आजही करतो. म्हणूनच हे अवघड जाते.

दहावीच्या सहामाहीत भूमितीच्या दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक निघाली, अगदी त्याच पायरीवर. एक माझी, दुसरी शेजारच्या बाकावरच्या अरुणची. सरांनी दोघांना उभे केले. मी पहिला येणारा — माझ्यावर संशय कोण घेणार? अरुणने एकदा माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घातली. पुढच्या प्रत्येक परीक्षेला त्याला एकट्याला ऑफिसात, शिपायासमोर बसवले.

आता आम्ही दोघेही अमेरिकेत — मी शॉमबर्गला, तो दूर बॉथेलला. गेल्या हिवाळ्यात इथल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघाली. शाळेचा इतिहास मी लिहिला. त्यात एक वाक्य घातले — 'आमच्या काळात हा विश्वास एकदाच मोडला गेला.' का घातले? लेखाला वजन यावे म्हणून? की इतक्या वर्षांत मला स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते?

अरुणचा फोन आला.

"लेका, झकास लिहिलंयस! मुलीला वाचून दाखवलं. ती विचारते, 'बाबा, हू वॉज दॅट वन गाय?'"

"मग?"

"म्हटलं, होता एक. चांगला होता गं, फक्त घाबरट."

तो हसला. मग थांबला — बराच वेळ.

मी पाहिले होते. अरुणच्या कागदावरून पूर्ण सिद्धता उतरवली, खाली सही केली, आणि सरांनी विचारले तेव्हा गप्प राहिलो. त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. फोनवर त्याने माझ्यासाठी जागा सोडली होती — आणि मी शॉमबर्गच्या बर्फाविषयी बोलू लागलो.